१२ एमएमची रिंग

मौद्याच्या पुढे माझ्या मित्राचं शेत आहे, कन्हानच्या काठाला लागून, आणि शेताच्या खालच्या अंगाला पावसाळ्यात नदी चढून जाते तिथे मग वर्षभर रेतीचा पट्टा उरतो. वाळू नाही, आमच्या नागपुरात रेतीच म्हणतात. दोन वर्षांआधी डिसेंबरात, दिवस मावळता मावळता, त्या रेतीत माझ्या जिप्सीच्या पुढच्या डाव्या टायरने रिम सोडला.

रेतीत उतरायच्या आधी टायरची हवा कमी करावी लागते हे ज्यांना हा नाद आहे त्यांना माहीत असेल. रोडवर मी २६ पीएसआय ठेवतो, रेतीत १० वर आणतो. हवा कमी झाली की टायर खालून लांबट पसरतो, गाडीचं वजन जास्त जागेवर वाटलं जातं, चाक रेती खणत बसत नाही, वरून चालत जातं. जिप्सी तशी हलकी गाडी, टन-भराच्या आसपास, त्यामुळे १० पीएसआयला ती रेतीत अशी काय चालते की बस. पण टायर रिमवर धरून कोण ठेवतं? हवाच. ना बोल्ट, ना गोंद. टायरच्या आतल्या कडेला तारेची कडी असते तिला बीड म्हणतात, आतली हवा त्या बीडला रिमच्या ओठावर दाबून ठेवते, एवढंच. हवा कमी म्हणजे पकड कमी. मी वळण जरा जोरात घेतलं, पुढचं चाक आडवं रेतीत घुसलं, बीड ओठावरून आत सरकला आणि फस्सकन उरलीसुरली हवा गेली.

खरी गोष्ट त्याच्यापुढची आहे. बॉटल जॅक लावला तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच खाली जायला लागला. खाली वीट ठेवली, वीट फुटली. शेतातून लाकडाचं एक फळकूट आणलं, ते एका बाजूने धसलं. अंधार पडलेला, मोबाइलच्या टॉर्चवर काम चालू, आणि माझा भाचा, तेव्हा १९ वर्षांचा, चाकाच्या कमानीत हात घालून बीड चाचपत होता तेवढ्यात जॅक कलला. हात निघाला. कसा निघाला ते मला आजही नीट आठवत नाही, मला फक्त गाडी रेतीवर बसल्याचा तो दबका आवाज आठवतो. मग आम्ही काही केलं नाही, चूपचाप बसून राहिलो, आणि रात्री नऊच्या सुमारास मित्राने ट्रॅक्टर आणून गाडी बाहेर ओढली.

घरी येऊन ठरवलं, बीडलॉक लावायचे.

बीडलॉकची कल्पना सोपी आहे. रिमच्या बाहेरच्या ओठावर स्टीलची एक रिंग वेल्ड करायची, टायरचा बाहेरचा बीड तिच्यावर बसवायचा आणि वरून दुसरी रिंग लावून बोल्टांनी आवळायची. मग बीड दोन रिंगांच्या मधात चिमटल्यासारखा धरला जातो, हवा कितीही कमी असो. तयार बीडलॉक रिम मिळतात, पण मला माझ्याच १५ इंची स्टीलच्या रिमवर करायचं होतं, जिप्सीची पाच भोकांची १३९.७ एमएमची पीसीडी (नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास), सगळं ओळखीचं, हबवर बरोबर बसणारं. आतली रिंग स्टीलचीच लागते कारण स्टीलच्या रिमला अॅल्युमिनियम साध्या वेल्डिंगने चिकटत नाही. पण बाहेरची रिंग अॅल्युमिनियमची करायची हे मनात पक्कं होतं. हिशोब केला होता: बाहेरचा व्यास ४१५ एमएम, आतला ३३६, जाडी १२, म्हणजे अॅल्युमिनियममध्ये एक रिंग दीड किलोची, तीच स्टीलमध्ये जवळपास ४.४ किलोची. फिरत्या चाकाच्या कडेला प्रत्येकी तीन किलो कमी, हे जिप्सीसारख्या ८० हॉर्सपॉवरच्या गाडीला फार आहे.

पहिल्या वेळी मी जे केलं ते थोडक्यात सांगतो कारण त्यात सांगण्यासारखं कमी आणि शिकण्यासारखं जास्त आहे. इतवारीत लोहाओळीच्या बाजूला एका दुकानातून १२ एमएमची प्लेट उचलली, दुकानदार म्हणाला हार्ड आहे, मी मान्य केलं. शहरातल्या एका लेझरवाल्याकडे दिली, त्याने दोन दिवसांत चार रिंगा कापून दिल्या, भोकांसकट. दिसायला सुंदर. घरी अंगणात बसून एका चाकावर बोल्ट आवळायला घेतले, साध्या पान्याने, एकानंतर एक, ओळीने. बारावा-तेरावा बोल्ट आवळताना रिंगकडे आडवं पाहिलं तर तिची आतली कड खाली आणि बाहेरची वर, जेवणाच्या ताटलीसारखी, आणि दोन बोल्टांच्या मधात लाट. हवा भरली तर साबणाच्या पाण्यात सगळीकडून बुडबुडे. बोल्ट काढले तर तीन भोकं लांबट झालेली. रोडवर नाही, रेतीत नाही, अंगणातच हे झालं म्हणून बरं.

ती वाकलेली रिंग पिशवीत टाकून मी हिंगणा एमआयडीसीत फिरायला लागलो. एका ओळखीच्याने सांगितलं होतं की तिथे एक काका आहेत, पाण्याच्या धारेने धातू कापणारं वॉटरजेट आहे त्यांच्याकडे आणि एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन, जॉबवर्क करतात, पण जरा तिरसट आहेत. सकाळी तर्री पोहे खाऊन निघालो, साडेनऊला त्यांच्या शेडमध्ये. साठीचे असतील, चष्मा दोरीने गळ्यात, मशीनच्या टाकीच्या काठावर हात टेकून उभे. मी उरलेली प्लेट दाखवली, जुनी ड्रॉइंग दाखवली, म्हणालो काका, अशाच परत कापायच्या आहेत, फक्त जाडी १६ करू, म्हणजे वाकणार नाही.

त्यांनी प्लेट हातात घेतली, उलटी केली, परत सुलटी केली.

"हे मी नाही कापत भाऊ."

"काहून काका? मशीन रिकामी आहे ना."

"मशीन रिकामी हाय. पन हा माल कोनता हाय ते तुमाले मालूम नाही, मले मालूम नाही. चाकाले लागनारी वस्तू हाय. उद्या काही झालं त मी कोनाले सांगू का मले मालूम नव्हतं?"

मग त्यांनी वाइसमध्ये प्लेटचा तुकडा अडकवला आणि कानस घेतली. चार हात मारले आणि कानस माझ्यासमोर धरली. कानशीच्या दातांमध्ये अॅल्युमिनियम चिकटून बसलेलं, चिक्कीच्या गुळासारखं. मग त्यांच्या रॅकवरून दुसऱ्या एका प्लेटचा तुकडा काढला, त्याच्यावर तीच कानस ब्रशने साफ करून चालवली, आणि त्याचा कीस खाली पडला, कोरडा, सुटा. दोन्ही तुकडे हातोडीने वाजवले. एकाचा आवाज जागच्या जागी मेला, दुसरा वाजत राहिला. "हा खिडकीचा बी माल नाही," ते माझ्या प्लेटबद्दल म्हणाले, "हा भांड्याचा माल हाय."

मी त्या दिवशी चिडलो होतो हे खरं आहे. पैसे देत असताना कोणी नाही म्हटलं की चीड येते. पण परत येताना वाडीजवळ अमरावती रोडवर सिग्नलला थांबलो आणि बाजूच्या पाटीकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं. जवाहरलाल नेहरू अॅल्युमिनियम संशोधन केंद्र. १९८९ पासून आपल्या नागपुरात अॅल्युमिनियमवर संशोधन करणारी देशपातळीची संस्था आहे, मी त्या पाटीसमोरून शेकडो वेळा गेलो असेन, आणि मला अॅल्युमिनियम म्हणजे एकच एक धातू वाटत होता. पुढचे दोन आठवडे मी तेच वाचत राहिलो.

तर अॅल्युमिनियम एक नाही, घराणं आहे. शुद्ध अॅल्युमिनियम मऊच असतं. त्यात थोडं मॅग्नेशियम आणि थोडं सिलिकॉन घातलं की ६००० सिरीज होते. खिडक्या-दारांचे सेक्शन ६०६३ चे असतात, दिसायला छान, दाबून काढायला सोपे. आपल्या कामाला लागतो ६०६१, आणि तोसुद्धा टी-६. हा टी-६ म्हणजे सगळी मेख. प्लेट ५३० अंशांच्या आसपास तापवतात, त्यामुळे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन अॅल्युमिनियममध्ये पूर्ण विरघळतात, मग झटकन पाण्यात थंड करतात म्हणजे त्यांना बाहेर पडायला वेळच मिळत नाही, आणि मग १६०-१७५ अंशांवर कित्येक तास ठेवतात. त्या तासांमध्ये आतल्या आत अतिशय बारीक कण तयार होतात आणि धातूचे थर एकमेकांवरून सरकायला गेले की हे कण अडवतात. लोणचं मुरवतात तसा हा धातू मुरवतात, दुसरा शब्द मला सापडत नाही. मुरलेला ६०६१ कायमचा वाकायला २७६ मेगापास्कलच्या घरात ताण लागतो. आणि जास्त वेळ जास्त गरम केला तर तोच माल परत मऊ पडतो.

मी जाडी वाढवायला निघालो होतो. चुकीच्या मालाची जाडी.

पंधरा दिवसांनी परत गेलो. या वेळी ६०६१ टी-६ ची प्लेट, तिच्यावर छापलेला हीट नंबर, म्हणजे माल ज्या खेपेत वितळवला तिचा नंबर, आणि त्याच हीट नंबरचं मिल टेस्ट सर्टिफिकेट, कारखान्याने माल तपासून दिलेलं. काकांनी सर्टिफिकेट वाचलं, अगदी ओळीवर बोट ठेवून, प्लेटवरचा नंबर जुळवला, आणि म्हणाले, "आता बसा." मला वाटलं झालं. पण त्यांनी ती वाकलेली जुनी रिंग मागितली, टेबलावर ठेवली, पट्टी आडवी धरून खालून येणारा उजेड पाहिला आणि विचारलं, "टायर मोजला का?"

रिम मोजला होता. रिमचं माप मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. टायर मी मोजलाच नव्हता.

म्हणजे असं की बीड रबराचा असतो, त्याला जाडी असते, आणि ती प्रत्येक कंपनीच्या टायरची वेगळी. आतली रिंग आणि बाहेरची रिंग यांच्यात जेवढी जागा ठेवली त्याच्यापेक्षा दाबलेला बीड जाड असेल तर बाहेरच्या रिंगची बाहेरची कड बीडवर टेकते, आतली कड हवेत राहते, आणि बोल्ट आवळत गेलं की ती हवेतली कड खाली ओढली जाते. ताटली. माल कितीही चांगला असला तरी ती ताटली होणार, फक्त उशिरा होणार. काकांनी मला घरी पाठवलं. मी टायरच्या दुकानात जाऊन बीड लाकडी ठोकळ्यांमध्ये क्लॅम्पने दाबून मोजला, चारही टायरचा, प्रत्येकी तीन जागी. दाबल्यावर १४ एमएम भरत होता. माझ्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये जागा होती ११. बस, एवढे तीन एमएम. मग आतल्या रिंगवर तीन एमएमचं पॅकिंग धरून ड्रॉइंग नव्याने केली.

ड्रॉइंगवर आणखी एक भांडण झालं ते भोकांवरून. २४ बोल्ट, एम-८ चे म्हणजे ८ एमएम जाडीचे, १०.९ या मजबूत ग्रेडचे, ३६२ एमएम व्यासाच्या वर्तुळावर. मी भोकं ८.१ ची काढली होती, घट्ट बसावीत म्हणून. ते म्हणाले ८.५. मी म्हणालो ढिली होतील. त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "मे महिन्यात आपल्या नागपुरात गाडी उन्हात उभी राहिली त धातू किती तापते?" हाताला चटका बसतो एवढं तर आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, ६५ अंश धरू. जानेवारीत २० अंशांना कापलेली रिंग ६५ ला गेली म्हणजे ४५ अंशांचा फरक. अॅल्युमिनियम एका अंशाला दहा लाखात २३ भाग वाढतं, स्टील साधारण १२. म्हणजे ३६२ च्या व्यासावर अॅल्युमिनियमची रिंग ०.३७ एमएम वाढणार, खालची स्टीलची ०.१९ च्या आसपास. फरक जवळपास ०.१८, म्हणजे प्रत्येक बोल्टापाशी ०.०९. माझ्या ८.१ च्या भोकात बोल्टाच्या बाजूला जागा होती फक्त ०.०५. उन्हाळ्यात चोवीसही बोल्ट भोकाच्या कडेला चेपले गेले असते. ८.५ मध्ये जागा ०.२५. नागपूरचा उन्हाळा ड्रॉइंगमध्ये येतो ही गोष्ट मला इतकी आवडली की मी ती आकडेमोड वहीत तशीच लिहून ठेवली आहे.

कापायच्या दिवशी भाच्याला पण नेलं. वॉटरजेट ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, पाण्याची मोठी उघडी टाकी, तिच्यावर लोखंडी पट्ट्यांची जाळी, जाळीवर प्लेट, आणि वरून एक नळी, जिच्यातून पाणी ६०,००० पीएसआयच्या आसपास दाबाने बाहेर पडतं. माझ्या टायरमध्ये १०, इथे ६०,०००. ते पाणी आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने निघतं, पण नुसतं पाणी धातूला काही करत नाही, त्याच्यात गार्नेट मिसळतात, लालसर, साखरेपेक्षा बारीक. ही पण एक रेतीच. मला एकदम लक्षात आलं की रेतीत चालायची वस्तू आपण रेतीनेच कापून घेतोय, आणि मी ते काकांना म्हटलं, तर ते पहिल्यांदा हसले.

वॉटरजेटचा मोठा फायदा हा की माल तापत नाही. लेझरने, प्लाझ्माने कड जळते, थोडीच जळते हे मान्य, पण टी-६ ची सगळी ताकद मुरवण्यात आहे आणि मुरवलेल्याला परत चुलीवर कशाला न्यायचं. कापायचा क्रम पण ठरलेला: आधी भोकं, मग आतला गोल, सगळ्यात शेवटी बाहेरचा, म्हणजे रिंग शेवटपर्यंत प्लेटला धरून राहते, हलत नाही. भोकं जेटने ७.५ चीच काढायची आणि नंतर व्हीएमसीवर ८.५ ची करायची, कारण जेटची धार खाली जाता जाता थोडी बदलते, भोक वर आणि खाली तंतोतंत सारखं येत नाही, आणि बोल्टाला सरळ भोक लागतं.

आतला गोल सुरू करताना काकांनी भाच्याला बोलावून दाखवलं. जेट सुरू झाला तो रेषेवर नाही, रेषेच्या आत, मधल्या चकतीवर. तिथे आधी आरपार भोक पडलं, पाणी उसळलं, मग जेट वळण घेत रेषेवर आला आणि गोल फिरायला लागला. "पहिला घाव नेहमी खराब पडते," ते म्हणाले. "थो चकतीवर घ्याचा, रिंगेवर नाही."

एका रिंगला अर्धा तास लागला. पूर्ण वेळ कानात तो आवाज, मोठ्या कुकरची शिट्टी थांबतच नाही तसा. रिंग बाहेर काढून पुसली आणि मी तिची कड पाहिली. वरचा अर्धा भाग मखमलीसारखा, खालच्या अर्ध्यात बारीक तिरप्या रेघा, सगळ्या एकाच दिशेने मागे झुकलेल्या. कन्हानचं पाणी ओसरताना रेतीवर जशा रेघा सोडून जातं, अगदी तशा. मी बोट फिरवत राहिलो. धातूच्या वस्तूवर इतका जीव जडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

भोकं व्हीएमसीवर झाल्यावर मी घरी बाबांचं जुनं व्हर्नियर काढलं. बाबा मोतीबाग वर्कशॉपला फिटर होते, छोट्या, म्हणजे नॅरोगेज रेल्वेची कामं केलेली, आता डोळ्यांनी कमी दिसतं पण माप घ्यायचं म्हटलं की उठून बसतात. २४ भोकं म्हणजे दोन भोकांमध्ये १५ अंश, केंद्रापासून केंद्रापर्यंत सरळ अंतर ४७.२५. पण केंद्र तर हवेत आहे, ते मोजणार कसं? बाबा म्हणाले कडा मोज, भोकाचा व्यास वजा कर. ४७.२५ मधून ८.५ गेले की ३८.७५. एक एक करून चारही रिंगांची ९६ अंतरं आम्ही मोजली, मी आकडा वाचायचो, ते "पुढे" म्हणायचे. कुठे ३८.७४, कुठे ३८.७८. एका जागी ३८.८२ आलं तर त्यांनी व्हर्नियर माझ्या हातातून घेतलं, जबडा अंगठ्याने पुसला, परत लावलं, ३८.७६. "कचरा होता," म्हणाले.

वेल्डिंगचं फार लांबवत नाही. समोरासमोर थोडं थोडं वेल्ड घेतलं म्हणजे रिम ओढला जात नाही, मग रिम वाकडा फिरत नाही ना ते डायल गेजवर फिरवून पाहिलं, मग साबणाचं पाणी. मात्र एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, अॅल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना लागून असले आणि मधात पाणी गेलं की गंज अॅल्युमिनियमला खातो. स्टेनलेसचे बोल्ट चकाकतात म्हणून लोक लावतात, पण त्याने हे उलट वाढतं. झिंक केलेले बोल्ट घ्या, वॉशर लावा, आटे जाम होऊ नयेत म्हणून त्यांना अँटी-सीझ लावा, आणि चिखलातून आल्यावर धुवा. आणि बोल्ट आवळायचे ते टॉर्क रेंचनेच, म्हणजे किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्याने, समोरासमोर, पहिल्या फेरीला हलके, मग थोडे जास्त, शेवटच्या फेरीला २० न्यूटन मीटर. एका चाकाला चार फेऱ्या. चारही चाकांना माझी एक पूर्ण दुपार गेली. या वेळी रिंगकडे आडवं पाहिलं तेव्हा ती सपाट होती.

अजून एक, हे मनापासून सांगतो. ही चाकं मी रोडवर चालवत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहे, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं आहे की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध गाडीत बदल चालणार नाही. पण कायद्याच्या आधीसुद्धा मला काका आठवतात. ९६ बोल्टांपैकी कोणता ढिला झालाय हे हायवेवर ८० च्या स्पीडला कळायचा काही मार्ग नसतो, आणि तिथे माझ्या बाजूला दुसऱ्याचं लेकरू स्कूटीवर असतं. जिप्सी तिच्या साध्या चाकांवर मौद्याला जाते, बीडलॉक मित्राच्या पिकअपमध्ये, आणि चाकं शेतात बदलतो. आणि जंगलात तर हे सगळं नाहीच नाही. पेंच-ताडोब्याच्या जिप्स्या पाहून लोकांना वाटतं गाडी आली की जंगल आलं. ज्यांचं ते घर आहे त्यांना त्यांच्या घरात राहू द्यावं, आपल्याला शेताची रेती पुरते.

चकत्यांचं राहिलं. कापून झाल्यावर चारही मधल्या चकत्या काकांनी पुसून एकावर एक ठेवल्या होत्या. ३३६ एमएम व्यास, १२ जाडी, एकेक २.९ किलोची. मी म्हणालो काका, ठेवा तुम्ही, भंगारात जाईल. ते म्हणाले, "तुमचा माल हाय, तुमाले नेनं पडन." भाच्याने त्यातली एक उचलली, दोन्ही हातांत धरून वजन पाहिलं, जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर उभा राहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मला समजायला थोडा वेळ लागला.

या जानेवारीत आम्ही परत त्याच पट्ट्यावर गेलो. हवा ८ वर आणली, आधीच्या पेक्षाही कमी. त्याच जागी तेच वळण, आधी हळू, मग तेवढ्याच जोरात. चाक आडवं घुसलं, रेती उडाली, टायर पार वाकडा झालेला मला खिडकीतून दिसला, आणि परत सरळ झाला. उतरून पाहिलं. बीड जागेवर. चोवीस बोल्टांवर मी खुणेची पांढरी रेघ ओढली होती, एकही रेघ तुटली नव्हती.

मग काठाने परत येताना मागच्या उजव्या टायरमध्ये बाभळीचा काटा गेला. बीडलॉक काट्याला काय करणार. हवा बसत गेली, थांबलो, दिवस मावळायला आलेला. भाच्याने मागून चकती आणली, रेती हाताने सपाट केली, चकती ठेवली, तिच्यावर बॉटल जॅक. मी दांडा मारायला लागलो आणि दोघांचंही लक्ष चकतीच्या कडेवर. ती अर्धा इंच बसली आणि थांबली. गाडी वर गेली. तरीसुद्धा स्टेपनी आधी गाडीखाली आडवी सरकवली, आणि नट सगळे सुटेपर्यंत मी त्याला कमानीत हात घालू दिला नाही, चाक मीच काढलं.

सगळं आवरल्यावर त्याने जॅक काढला आणि चकती उचलली. रेतीत गोल ठसा राहिला होता, आणि त्याच्या कडेला जेट पहिल्यांदा आत शिरला तिथली ती छोटी वळणदार खाच, जशीच्या तशी उमटलेली.